मदत हवी आहे: एटीआरवर कमांड घ्यावी, एअरबसकडे वळावे, की आहे तेथेच थांबावे?

नमस्कार. मी एका भारतीय विमान कंपनीत एटीआर ७२-६०० या लहान, पंख्याच्या विमानावर साडेपाच वर्षांपासून फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. माझे वय ३३ असून माझा बेस, म्हणजे ड्युटी जेथून सुरू होते ते ठिकाण, हैदराबादला आणि घर इंदूरला, रामबागेत आहे. घरी पती, साडेचार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असतात. पतींचा सांवेर रोडला लहानसा कारखाना आहे, त्यामुळे सर्वांनी हैदराबादला बिऱ्हाड हलवण्याचा विचार आम्ही दोन वेळा करून सोडून दिला आहे. तो कृपया पुन्हा सुचवू नये. या महिनाअखेरीस मला कंपनीला लेखी उत्तर द्यायचे आहे आणि या व्यवसायातील किंवा अशा घरातील लोकांचे मत मला त्याआधी हवे आहे.

माझ्यापुढे तीन मार्ग आहेत. एटीआरवरच कमांडचे, म्हणजे कॅप्टन होण्याचे, प्रशिक्षण तीन महिन्यांत सुरू होऊ शकते. कॅप्टन होण्यासाठी लागणारा एटीपीएल परवाना हाती आहे आणि एकूण २,९०० तास झाले आहेत, म्हणजे परवान्यासाठी लागणाऱ्या १,५०० तासांपेक्षा बरेच अधिक. मात्र नव्या कॅप्टनसाठी सध्या जागा फक्त कोलकात्याला आहेत. दुसरा मार्ग एअरबस ए३२० या जेट विमानांच्या ताफ्यात जाण्याचा. बेस हैदराबादच राहील, परंतु पुन्हा टाइप रेटिंग (त्या विमानाचे प्रशिक्षण आणि मान्यता), पुन्हा बॉन्ड (ठरावीक वर्षे नोकरी न सोडण्याचा करार) आणि उजवीच, सहवैमानिकाची खुर्ची, आणि डावीकडे कॅप्टन म्हणून बसायला किमान चार वर्षे लागतील असे तिकडचे सहकारी सांगतात. तिसरा मार्ग दोन्हींना नकार देण्याचा. तसे केल्यास पुढचे दीड वर्ष माझे नाव कमांडसाठी विचारात घेतले जाणार नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला तिसरा मार्ग मूर्खपणाचा वाटेल, म्हणून तो का मोहात पाडतो हे सविस्तर लिहिते. कामाला लागले तेव्हा बेसच्या ज्येष्ठतेच्या यादीत मी शेवटून दुसरी होते. त्या काळात एकही गणपती घरी मिळाला नाही. एका दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी कर्मचाऱ्यांच्या स्टँडबाय (जागा उरली तरच मिळणाऱ्या) तिकिटावर इंदूरला निघाले होते. विमान पूर्ण भरले, दाराशी माझे नाव खोडले गेले आणि घरी न्यायचा फराळ हातात घेऊन मी खोलीवर परत आले. आज मी फर्स्ट ऑफिसरांच्या यादीत चौथी आहे. रजेची मागणी बहुधा मान्य होते आणि कोणत्या दिवशी सुट्टी हवी हे मागण्याला अर्थ उरला आहे. पगार, हुद्दा आणि विमान सगळे तेच आहे. बदलला आहे तो केवळ यादीतला क्रमांक, आणि त्यानेच घर बदलले. महिन्याचे रोस्टर (ड्युटीचे वेळापत्रक) आले की सासूबाई भिंतीवरच्या कालनिर्णयावर माझ्या घरी असण्याच्या दिवसांवर टिकल्या चिकटवतात. मुलाला वाचता येत नाही, पण टिकल्या मोजता येतात. पूर्वी चार-पाच असत, हल्ली आठ-नऊ असतात.

कॅप्टन झाले की मी पुन्हा एका यादीच्या तळाशी जाईन, तीही कॅप्टनांच्या, आणि तेथून इंदूरचा प्रवास आजच्यापेक्षा लांबचा. शिवाय नोकरी सोडण्यापूर्वी फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची आणि कमांडरला एक वर्षाची सूचना द्यावी लागते, हा २०१७ पासूनचा नियम आहे. म्हणजे घरी काही बिनसले तर मागे फिरण्याची वाटही दुप्पट लांब होते.

विमानाबद्दलही मन एकतर्फी नाही. एटीआरवर पहाटे साडेचारला गाडी दाराशी येते आणि दिवसाला चार, कधी सहा सेक्टर, म्हणजे उड्डाणे, होतात. या विमानाला ऑटोथ्रॉटल (इंजिनाची शक्ती आपोआप सांभाळणारी यंत्रणा) नसल्यामुळे प्रत्येक उतरणीत शक्तीचे गणित हातानेच करावे लागते, आणि पावसाळ्यात लहान धावपट्टीवर आडव्या वाऱ्यात सहाव्यांदा उतरताना मनगटाला ते जाणवते. मला हे काम मनापासून आवडते. आणखी एक लाभ असा की लहान विमानतळ बहुतेक दिवसाच चालू असल्यामुळे आमच्या वाट्याला रात्रीची उड्डाणे कमी येतात. एअरबसवर सेक्टर कमी आणि लांब, पण मध्यरात्रीनंतरचे काम आणि ले-ओव्हर (परगावी मुक्काम) अधिक. जेटचे तास मात्र पुढे बाहेरच्या कंपन्यांचे दरवाजे उघडतात, हे मी नाकारत नाही.

डावी खुर्ची मला हवी आहे, हे येथे स्पष्टच लिहिते. प्रश्न ती आत्ता घ्यावी का, एवढाच आहे. ज्यांनी तळाचा कॅप्टन होण्याचा काळ काढला आहे, त्यांचा तो किती टिकला? आणि लहान मूल असताना ताफा बदलणाऱ्यांना प्रशिक्षणाचे महिने कसे गेले?

प्रतिसाद १ (निवृत्त कॅप्टन, बडोदे)

तुम्ही प्रश्न नीट मांडला आहे, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो. यादीचा तळ किती काळ टिकतो हे तुमच्या वर किती जण आहेत यावर ठरत नाही. तुमच्या खाली किती जण आणि किती लवकर येतात यावर ठरते. मी कॅप्टन झालो त्या वर्षी भरती थांबली आणि अडीच वर्षे मी शेवटचाच राहिलो. माझ्यानंतर तीन वर्षांनी कमांड मिळालेला एक सहकारी सात महिन्यांत यादीच्या मध्यावर गेला. त्यामुळे उत्तर देण्यापूर्वी पुढच्या दोन तुकड्यांत किती जणांना कमांड मिळणार आहे आणि हैदराबादचे किती कॅप्टन एअरबसकडे जाण्याच्या तयारीत आहेत, हे विचारा. जे जातील त्यांच्या जागा तेथे रिकाम्या होतील.

जेटच्या ओढीने कमांड लांबवू नये, असे माझे ठाम मत आहे. वयाच्या ६५ पर्यंत तुम्हाला ३२ वर्षे उडायचे आहे, त्यात जेट केव्हाही येईल. कमांडचे तास हाती असलेला वैमानिक ताफा बदलतो तेव्हा त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. पंख्याच्या विमानाला कमी लेखण्याची तर सवयच वाईट. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी सर्व-महिला वैमानिकांचे उड्डाण केले ते फॉकर एफ-२७ वर, कोलकाता–सिलचर मार्गावर, आणि त्याच पुढे बोइंग ७३७ आणि ए३२० च्या कॅप्टन झाल्या.

प्रतिसाद २ (वैमानिकाची पत्नी, इंदूर)

सुट्ट्यांचे दिवस मोजू नका, घरी झोपलेल्या रात्री मोजा. १ जुलै २०२५ पासून आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तासांची झाली, पण ती ड्युटी संपल्यापासून मोजली जाते आणि घरी जाण्यायेण्याचा स्वेच्छेचा प्रवास त्यातूनच वजा होतो. आमच्याकडे ४८ तासांतले प्रत्यक्ष घरचे तीसच्या आसपास उरतात. कोलकात्याहून ते किती उरतील, हे विमानांच्या वेळा समोर ठेवून कागदावर मांडा. यजमानांनी एकदा घरी दोन तास अधिक मिळावेत म्हणून पहाटेच्या ड्युटीच्या आदल्या रात्रीचे शेवटचे विमान पकडले. ते उशिरा सुटले, आणि त्यांनी मध्यरात्री रोस्टर विभागाला फोन करून आपण उडण्यास योग्य नाही असे कळवले. कळवले हे योग्यच केले, पण त्यानंतर आम्ही नियम ठरवला की ड्युटीच्या आदल्या दुपारीच निघायचे. तुमच्या हिशेबातही ती दुपार धरा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल बेसच्या कार्यालयात चौकशी केली. माझ्यानंतर वर्षभरात दोन तुकड्या आहेत, मिळून अकरा जण. हैदराबादच्या सहा कॅप्टननी एअरबससाठी अर्ज केले आहेत. त्यांतील किती जण सुटतील हे कोणी सांगितले नाही.

रात्रींचा हिशेबही मांडला. गेल्या सहा महिन्यांत घरी सरासरी आठ रात्री झोपले. कोलकात्याहून, आदली दुपार सोडून, पाच येतात. सासूबाईंनी तो कागद पाहिला आणि विचारले, "पाच किती दिवस?" कॅप्टनसाहेबांचा प्रश्न त्यांनी एका ओळीत विचारला. वर्षभर, असे मी म्हणाले. त्या म्हणाल्या, वर्षभर मी आहे. पती आधीपासूनच कमांडच्या बाजूने होते, पण मी ज्यांच्या भरवशावर जाणार त्यांनी होकार देणे वेगळे.

एअरबसचा मार्ग मी आता बाजूला ठेवला आहे. कमांडला होकार देण्यापूर्वी एकच गोष्ट लेखी मागायचे ठरवले आहे: हैदराबादला कॅप्टनची जागा रिकामी होताच बदलीच्या यादीत माझे नाव कमांडच्या तारखेपासून धरले जावे, कोलकात्याला रुजू झाल्याच्या तारखेपासून नव्हे. प्रशिक्षण लांबले तर या दोन तारखांत काही महिन्यांचे अंतर पडू शकते आणि तेवढ्यात मागची तुकडी पुढे जाईल. अशी अट कोणी मागितली आहे का, आणि ती मान्य झाली असल्यास पत्रात कोणत्या शब्दांत होती, एवढे कोणी सांगू शकेल का? माझी भेट येत्या मंगळवारी आहे.