ज्यूद्वेष, झायनवादविरोध आणि कळवळा

प्रश्न : गाझाविषयीच्या बातम्यांत 'अँटिसेमिटिझम' आणि 'अँटिझायनिझम' या दोन्हींसाठी 'ज्यूविरोध' हा एकच शब्द वाचते. भाषांतर करताना अडखळायला होतं. वेगळे शब्द आहेत का?

उत्तर : आहेत, आणि ते वेगळे ठेवायलाच हवेत. विरोध विचाराला होतो, धोरणाला होतो. द्वेष माणसांचा होतो. म्हणून पहिल्यासाठी 'ज्यूद्वेष'. 'सेमिटिकविरोध' नको. अरबी हीसुद्धा सेमिटिक भाषा, मग अरब सेमिटिकविरोधी कसे, असा वाद त्यातून निघतो. पण १८७९च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मार या ज्यूद्वेष्ट्या लेखकाने हा शब्द रूढ केला, तेव्हापासून त्याचा रोख ज्यूंवरच आहे.

ज्यूंचं स्वतंत्र राष्ट्र हवं, ही झायनवादाची मागणी. थिओडोर हर्झल यांच्या पुढाकाराने १८९७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलला त्याची पहिली परिषद भरली. या मागणीला विरोध तो 'झायनवादविरोध'. काही कर्मठ ज्यूही तो करतात. इस्रायली सरकारवरची टीका ही आणखी तिसरी गोष्ट. अर्थात झायनवादाचं नाव पुढे करून ज्यूंनाच झोडपणारेही असतात, तिथे मात्र 'द्वेष' लिहायला कचरू नये. उर्दूत 'यहूदी' (ज्यू) आणि 'सैहूनी' (झायनवादी) असे दोन शब्द आहेत. घोषणेत कोणता आला ते कान देऊन ऐकावं.

मुंबईत हा फरक पुस्तकी नाही. मांडवीतल्या सॅम्युएल स्ट्रीटवरच्या, १७९६ साली स्थापन झालेल्या सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, लोक 'जुनी मशीद' म्हणत. बेने इस्राएली म्हणजे कोकणात पिढ्यानपिढ्या राहिलेले ज्यू. त्यांची मायबोली मराठी, आडनावं दिवेकर, पेणकर, केहिमकर. तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणायचे. 'यहुदी' म्हणून दिलेली शिवी त्या दारापर्यंतही जाते. नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरच्या अतिरेकी हल्ल्यात नरिमन हाउस या ज्यू केंद्रातली माणसं ज्यू म्हणूनच मारली गेली. तो ज्यूद्वेष, त्याला दुसरा शब्द नाही. आणि त्या हल्ल्यातल्या मेलेल्या अतिरेक्यांना आपल्या कबरस्तानात जागा द्यायला याच शहरातल्या मुसलमानांनी नकार दिला, हेही त्याच श्वासात सांगायला हवं.

प्रश्न : मग इथल्या मुसलमानांना पॅलेस्टिनींबद्दल जे वाटतं त्याला काय म्हणू? 'एकजूट' कृत्रिम वाटते.

उत्तर : बरोबर. एकजूट खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्यांची. हजारो मैलांवरच्या माणसासाठी आतडं तुटतं त्याला आपल्याकडे 'कळवळा' म्हणतात. 'फार कळवळा आलाय त्यांचा!' असं टोमण्यात वापरून आपण त्याची धार बोथट केली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जाहीर भूमिका घेतली, मोर्चा काढला, की 'पाठिंबा'. 'उम्मत', म्हणजे जगभरचे मुसलमान एकच समुदाय, या कल्पनेमुळे त्या कळवळ्याला धर्माचा ओलावा मिळतो, हे खरंच. भायखळ्याचं खिलाफत हाउस त्याची आठवण आहे. पण तुर्कस्तानच्या खलिफाचं पद टिकावं म्हणून १९१९मध्ये सुरू झालेल्या त्या खिलाफत चळवळीत गांधीजीही होते.

म्हणून 'मुस्लिम भावना' ही शब्दयोजना मला अपुरी वाटते. पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध १९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघात भारताने मत दिलं होतं. १९८८मध्ये पॅलेस्टाइनला मान्यताही दिली. तो पाठिंबा देशाचा होता.

तुमच्या बातमीत घोषणा इस्रायली बॉम्बहल्ल्यांविरुद्ध असतील, तर 'इस्रायलविरोधी घोषणा' लिहा. इस्रायल हे राष्ट्रच असू नये असं म्हटलं असेल, तर 'झायनवादविरोधी'. ज्यूंना शिव्या असतील, तर 'ज्यूद्वेषी'. एकाच मोर्चात तिन्ही ऐकू आल्या, तर तिन्ही शब्द लिहा, जागा जास्त लागली तरी.