लॉच्या मुलांना इंग्रजीतलं कलम वाचायला कसं शिकवू?

प्रश्न
मी लॉच्या पहिल्या वर्षाच्या चार-पाच मुलांना शिकवते, सगळी मराठी मीडियमची. मुलं हुशार आहेत, कलम मराठीत सांगितलं की पटकन धरतात, पण तेच इंग्रजीत समोर ठेवलं की अडकतात. डिक्शनरी घेऊन एकेका शब्दाचा अर्थ मार्जिनमध्ये लिहितात तरी वाक्य लागत नाही. काल एकाने लिहिलं, ‘द कॉन्ट्रॅक्ट इज व्हॉइड अनलेस ही डज नॉट साइन’. म्हणजे अर्थ पार उलटा झाला, सही केली की करार रद्द! आधी ग्रामर घेऊ, शब्द घेऊ की थेट कायदा?

उत्तर १
ताई, ही चूक मराठीतून आलीये. आपण म्हणतो ‘जोपर्यंत तो सही करत नाही तोपर्यंत’, तो ‘नाही’ मुलं तसाच उचलून इंग्रजीत ठेवतात. पण अनलेसच्या पोटातच ‘नाही’ असतो. मी मुलांना अनलेस खोडून तिथे ‘इफ नॉट’ लिहायला लावते आणि वाक्य मोठ्याने वाचायला सांगते, दोन नॉट आले की त्यांनाच खटकतं. अंटिलचंही तेच, ‘अंटिल ही डज नॉट कम’ हे तर मुलं सर्रास लिहितात. ग्रामर वेगळं नका घेऊ, त्यांच्याच उत्तरातली वाक्यं घ्या.

उत्तर २
शब्दांचं म्हणाल तर अवघड शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच जास्त फसवतात. कन्सिडरेशन म्हणजे विचार असं पाठ असतं, करारात तो असतो मोबदला, कायद्याच्या मराठीत प्रतिफल. इन्स्ट्रुमेंट म्हणजे दस्तऐवज आणि वाक्याच्या सुरुवातीला ‘सेव्ह ॲज’ आलं की ‘वगळता’, वाचवण्याशी काही संबंध नाही. अशा शब्दांची वेगळी वही करा, रोजचा अर्थ आणि कोर्टातला अर्थ शेजारी शेजारी. आणि ‘विल अँड टेस्टामेंट’, ‘गुड्स अँड चॅटल्स’ अशा जोड्यांत दोन अर्थ शोधत बसू देऊ नका. १०६६ नंतर इंग्लंडच्या राज्यकारभारात फ्रेंच आली, मग कायद्यात मूळचा इंग्रजी शब्द आणि त्याला खेटून फ्रेंच किंवा लॅटिनमधून आलेला असे दोन्ही राहिले.

उत्तर ३
लांबलचक कलम असेल तर पेन्सिल घ्या. आधी शॅल किंवा मे शोधायचं, शॅल म्हणजे बहुतेक वेळा करायलाच हवं, मे म्हणजे मुभा. मग कोणी करायचं ते. ‘प्रोव्हायडेड दॅट’पासून पुढचं सगळं कंसात टाकायचं, ते परंतुक, म्हणजे नियमाला जोडलेली अट किंवा अपवाद, ते शेवटी वाचायचं. नॉटविथस्टँडिंग आणि सब्जेक्ट टू मध्ये गोंधळ होतोच, तिथे एकच विचारायचं, दोन कलमांत भांडण झालं तर कोण जिंकणार? नॉटविथस्टँडिंग असेल तर हेच कलम, सब्जेक्ट टू असेल तर समोरचं.
कॉमा पण शिकवा हो! अमेरिकेत मेन राज्यात ओव्हरटाइम कोणत्या कामांना नाही याची यादी कायद्यात होती, तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन’, मध्ये कॉमा नाही. दूध पोचवणारे ड्रायव्हर म्हणाले, कॉमा नाही म्हणजे यादीत फक्त पॅकिंग आहे, वाटप वेगळं नाही, आणि आम्ही पॅकिंग करत नाही, फक्त वाटप करतो, मग आम्हाला ओव्हरटाइम द्या. २०१७ मध्ये अपील कोर्टाने त्यांचं ऐकलं, पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. ही केस सांगितल्यापासून माझी मुलं कॉमाला बोट लावून वाचतात.

प्रश्न विचारणारी
खूप आभार सगळ्यांचे. आज त्या मुलाला अनलेस खोडायला लावलं, वाचता वाचता मध्येच थांबला आणि म्हणाला, मॅडम हे तर मी उलटंच लिहिलंय. उद्या पेन्सिल आणि कंस.