झाडू नका, टिपून घ्या

सीएफएल, म्हणजे वळणदार नळीचा दिवा, फुटला की ‘थर्मामीटरच्या मानाने त्यातला पारा किरकोळ’ असं म्हणतात, ते बरोबर आहे. दिव्यात जेमतेम ४-५ मिलिग्रॅम, जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये ५००च्या आसपास. पण थर्मामीटर फुटला की गोळी घरंगळताना दिसते तरी. इथे पारा वाफेत आणि काचेच्या आतल्या पांढऱ्या भुकटीत असतो, डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्यामुळे खरा घोळ साफसफाईत होतो. आमच्याकडे स्टुलावर चढून दिवा बदलताना तो हातातून निसटला आणि मी सवयीने केरसुणी घेतली, वर पंखा गरगरतोय! भुकटी पार दिवाणाखाली गेली. करायचं होतं ते नेमकं उलट: पंखा बंद, खिडक्या उघड्या, पाच-दहा मिनिटं सगळ्यांनी खोलीबाहेर. मग काचा जाड पुठ्ठ्याने गोळा करायच्या, चुरा चिकटपट्टीने टिपायचा, ओल्या कागदाने फरशी पुसून सगळं झाकणाच्या बरणीत भरायचं. व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच.

आणि एलईडी लावले म्हणून सुटलो असंही नाही, जुन्या ट्यूबलाइटमध्येही पारा असतो. २०१६च्या ई-कचरा नियमांत हे दिवे आले खरे, पण आमचा घंटागाडीवाला ट्यूब घेतो ती गाडीच्या कडेवर आपटून फोडण्यासाठीच.