मदत हवी आहे: अगाथा ख्रिस्ती कोणत्या क्रमाने वाचावी?

ख्रिस्तीच्या पॉयरो या गुप्तहेराच्या कादंबऱ्या कुठूनही सुरू करा, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. 'डम्ब विटनेस'मध्ये (१९३७) पॉयरो बोलता बोलता आधीच्या चार खुन्यांची नावंच घेतो. त्यात 'रॉजर अ‍ॅक्रॉइड'चाही (१९२६) खुनी आहे, आणि त्या पुस्तकाचा सगळा जीव तर शेवटच्या उलगड्यात! 'कार्ड्स ऑन द टेबल'मध्ये (१९३६) 'ओरिएंट एक्सप्रेस'चं (१९३४) गुपित फुटतं. 'कर्टन' ही पॉयरोची शेवटची कादंबरी, ती अर्थातच सगळ्यात शेवटी.

अशी फोडाफोड आणखी कुठे आहे? मिस मार्पल या ख्रिस्तीच्या दुसऱ्या गुप्तहेराच्या पुस्तकांतही? नवीन वाचकासाठी यादी करायची आहे. सुरुवात 'अँड देन देअर वेअर नन'ने (१९३९) करावी म्हणते. त्यात पॉयरोही नाही, मार्पलही नाही, त्यामुळे मागचं काही अडत नाही. कृपया रहस्य न सांगता फक्त आधी कोणतं, नंतर कोणतं तेवढं लिहा.