ऑनलाइन बॅचमध्ये सगळ्यांच्या तांब्याचं बूड सपाटच का येतं?

पेन्सिलवाली_बोरिवली
नमस्कार मंडळी. शाळेत पंधरा वर्षं ड्रॉइंग शिकवलं, आता दोन वर्षं झाली रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये पेन्सिल ड्रॉइंगचं वर्कशॉप घेते. दहा-बाराजण असतात, बहुतेक नोकरीवाले, आणि एक रिटायर्ड काका आहेत जे माझ्याआधी येऊन खुर्च्या लावून ठेवतात. मग कर्जत, पनवेलकडचे लोक मागे लागले म्हणून जूनपासून शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन बॅचपण चालू केली आणि तिथेच माझं डोकं फिरलंय.

धडा दोन्हीकडे एकच, पितळी तांब्या. हॉलमध्ये तिसऱ्या रविवारी तांब्या टेबलावर नीट बसलेला दिसायला लागतो. ऑनलाइनवाल्यांचे आठ शनिवार झाले तरी तोंड लंबगोल आणि बूड सरळ रेघ, खालून कोणी सुरीने कापल्यासारखं. मी स्क्रीनवर पाच वेळा काढून दाखवलं, सगळे माना डोलावतात, हो मॅडम कळलं म्हणतात आणि नंतर ग्रुपवर फोटो येतात तर परत तेच. त्या फोटोंचंही एक दुखणं आहे, ६बी म्हणजे मऊ, काळ्या पेन्सिलीने केलेलं शेडिंग चमकतं, काळं आहे की राखाडी काही कळत नाही, मग मी करेक्शन तरी कसलं सांगू?

आणि जाता जाता, फीचं काय करता तुम्ही लोक? एकीने सरळ विचारलं की हॉलचं भाडं नाही तर ऑनलाइनची फी अर्धी का नाही. मला उत्तरच सुचलं नाही.

रेघोट्या_दादर
ताई, आधी हे सांगा की ते बघतायत काय? तुमच्या घरचा तांब्या त्यांच्या मोबाईलवर बघत असतील तर संपलंच. ते तांब्या काढतच नाहीयेत, तुमचं चित्र उतरवतायत. शिवाय तुमचा कॅमेरा तांब्याच्या बरोबर समोर ठेवलेला असेल तर त्यांना बूड खरंच सरळ दिसत असणार, त्यांचा काय दोष? ज्याने त्याने स्वतःच्या किचनमधला तांब्या, पातेलं, डबा जे असेल ते घ्यायचं, हातभर लांब आणि डोळ्यांपेक्षा खाली ठेवायचं.

माझा पहिला ऑनलाइन क्लास पेन्सिलीशिवाय असतो. काचेचा ग्लास अर्धा पाण्याने भरा म्हणतो, डोळ्यांसमोर धरा. काठ दिसतो फक्त एक रेघ. आता हळूहळू खाली न्या, तोंड उघडत जातं. मग विचारतो की काठ जास्त गोल की आतलं पाणी जास्त गोल? सगळे काठ म्हणतात. नीट बघा म्हटलं की शांतता, आणि मग कोणीतरी हळूच म्हणतं, अरे पाणी! डोळ्यांपासून जितकं खाली तितका लंबगोल जास्त उघडा, म्हणजे बूड तोंडापेक्षाही गोलच यायला पाहिजे. हे सांगून डोक्यात जात नाही, ग्लास हातात लागतो. सपाट बूड येतं कारण तांब्या सपाट टेबलावर ठेवलाय हे आपल्याला माहीत असतं, हात ते माहीत असलेलं काढतो.

फोटोचं सोपं आहे. पेन्सिलीतलं ग्राफाइट चमकतं म्हणून फ्लॅश बंद, ट्यूबलाइटखाली नको, दिवसा खिडकीजवळ कागद उभा टेकवून उजेड बाजूने येईल असा घ्यायचा, मोबाईल कागदाला समांतर. तिरका घेतला तर बरोबर काढलेला लंबगोलपण चपटा दिसतो आणि तुम्ही उगाच करेक्शन देता, हे माझ्याकडून झालंय, एका बाईंना दोन आठवडे छळलं बिचाऱ्यांना. आणि शिकवताना तुम्ही स्वतः पहिल्या रेघासुद्धा ४बी ने काढा, एचबीची हलकी रेघ कॅमेऱ्यात दिसतच नाही, त्यांना वाटतं मॅडम हवेत हात फिरवतायत.

ठाणेकर_ग्राफाइट
माझं स्पष्ट मत, पेन्सिल ऑनलाइन शिकवता येत नाही. राग नसावा. कागद दिसतो, हात दिसत नाही. अर्धे लोक पेन लिहिल्यासारखी पेन्सिल टोकाशी घट्ट धरतात आणि मनगटावर रेघ ओढतात, त्यांचा लंबगोल दोन्ही टोकांना केळ्यासारखा टोकदार येणारच. समोर असलात की पेन्सिल मागे सरकवून देता, खांद्यातून हात फिरवा म्हणता, दोन मिनिटांचं काम. स्क्रीनवर तेच सांगायला दोन महिने.

दुसरं, आत्ता पावसाळा आहे. मुंबईत या दिवसांत कागद दमट होतो, रबर जरा जोरात मारला की वरचा थर निघतो, मग त्या जागी ग्राफाइट डागासारखं बसतं. हॉलमध्ये कागदाला हात लावला की कळतं. ऑनलाइनवाल्याला वाटतं आपलंच चुकलं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवायला सांगा निदान.

मी तर पाऊस गेला की बॅच घेऊन फोर्टला एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीला जातो. १८३३ ची टाउन हॉलची इमारत, खाली रस्त्यावर उभं राहून खांब बघा, सगळ्या गोल कडा डोळ्यांच्या वर, म्हणून कमानीसारख्या वर वाकलेल्या. मग तीस पायऱ्या चढून खांबाशेजारी उभे राहा, त्याच खांबाची बुडाची कडा आता पाळण्यासारखी खाली झुकलेली. खांब तोच, आपण फक्त चढलो. तुमच्या तांब्याचं सगळं उत्तर त्या पायऱ्यांवर आहे, ते झूमवर कसं दाखवणार?

रेघोट्या_दादर
दादा, हात दिसत नाही कारण आपण बघायला मागत नाही. माझ्याकडे लॅपटॉपवर चेहरा चालत नाही, मोबाईल डब्यावर डबा रचून बाजूला, त्यात हात आणि कागद दिसला पाहिजे ही पहिली अट. उजव्या हाताने काढणाऱ्यांनी दिवा डावीकडे, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली रेघेवर. एशियाटिकचं मात्र मान्य, ते मी चोरणार.

कर्जत_लोकल
मी शिकणाऱ्यांपैकी, म्हणून मध्ये बोलते. कर्जतहून दादरला क्लासला जायचं म्हणजे ट्रेनमध्येच येऊन-जाऊन चार तास जातात, त्यात रविवार म्हणजे मेगाब्लॉक. ऑनलाइन नसतं तर मी शाळेतल्या एलिमेंटरीच्या परीक्षेनंतर पेन्सिल धरलीच नसती. त्यामुळे ठाणेकर दादा, येत नाही म्हणू नका, उशिरा येतं म्हणा.

मला कशाने फरक पडला सांगते. आमच्या सरांनी क्लास संपल्यावर फोटो मागणं बंद केलं आणि दर वीस मिनिटांनी मागायला लागले, तेव्हा जे काही आहे ते पाठवायचं, अर्धवट, वेडंवाकडं. नुसती चौकट आणि मधली उभी रेघ असतानाच चूक सापडायची. शेडिंग झाल्यावर बूड चुकलंय म्हटलं की रडायला येतं हो, मग माणूस कळलं कळलं म्हणून मोकळा होतो.

पेन्सिलींचंपण सांगा पहिल्याच दिवशी. मी हौसेने बारा पेन्सिलींचा सेट घेतला, वापरल्या तीन, एचबी, २बी, ६बी. शिवाय एका कंपनीची ४बी दुसरीच्या ४बी इतकी काळी नसते हे मला सहा महिन्यांनी कळलं. ग्राफाइटमध्ये माती किती मिसळायची हे ज्याचं त्याचं, नंबर सारखे म्हणून काळेपणा सारखा नाही. सर म्हणायचे अजून काळं करा, मी दाबून दाबून कागद फाडला.

फी अर्धी करू नका. मी पूर्ण देते. पण पंधरा माणसं भरू नका, सहाच घ्या, नाहीतर व्हिडिओच बघितला असता ना फुकटात.

पेन्सिलवाली_बोरिवली
सगळ्यांना थँक्यू. रेघोट्या, तुम्ही म्हणता तेच, मी तांब्या कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, त्याच उंचीवर ठेवत होते!! आत्ता जाऊन स्वतःचं रेकॉर्डिंग बघितलं, त्यात बूड खरंच सरळ रेघ दिसतंय. आठ शनिवार मी त्या लोकांना ओरडतेय.

या शनिवारी ग्लास आणि पाणी, पेन्सिल नाही. फी तीच ठेवतेय, पण बॅचचे दोन भाग करते. फक्त माझ्या हातावर धरायला दुसरा मोबाईल लागेल, घरात जास्तीचा आहे तो सासऱ्यांचा आणि शनिवारी संध्याकाळी त्यांचं ऑनलाइन भजन असतं, म्हणजे मागायची सोय नाही. शुक्रवारची वेळ चालेल का विचारते ग्रुपवर.