ओपन माइकवर पहिल्यांदाच कविता वाचतेय, तयारी कशी करू?

शनिवारच्या ओपन माइकला नाव दिलंय. पाच मिनिटं मिळतील. कविता आजीवरची आहे, शेवटच्या कडव्याला दर वेळी गळा दाटून येतो. पाठ करू की कागद धरू? माइक कधी हातात धरलेला नाही.

उत्तर १
कागदच धरा, मोबाइलची स्क्रीन नेमकी मधेच काळी होते. अक्षर मोठं ठेवा आणि मागे पुठ्ठा लावा, म्हणजे हात थरथरला तरी कागद फडफडत नाही. माइक तोंडापासून चार बोटं, जरा तिरका. प, फ, भ थेट त्यावर आदळले की स्पीकरमधून धप्प आवाज येतो. जाळी मुठीत धरू नका, शिट्टी वाजते.

उत्तर २
घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. घरी चार मिनिटांत संपली पाहिजे, मंचावर थांबे लांबतात. प्रस्तावना नको.

उत्तर ३
गळा दाटला तर थांबा, माफी मागू नका. वडिलांवरची कविता वाचताना मी मधेच अडकलो होतो. सगळे गप्प. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सावकाश." ती ओळ मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

प्रश्नकर्ती
पुठ्ठा कापलाय. आज आईसमोर वाचून बघते, तिनं अजून ऐकलेली नाही.