वांगावर ‘थंडाव्याचं मशीन’: सांगली-मिरजेत कुणी केलंय का?

बेदाणा_शेड: नमस्कार. मी तासगावजवळची, वय 38. धाकट्याच्या वेळी दिवस गेले तेव्हापासून दोन्ही गालांवर वांग आहे. छाटणीपासून बेदाणा शेडपर्यंत सगळं काम उन्हातलं, त्यामुळं दरवर्षी गडदच होत चाललाय. सांगलीत एका ठिकाणी म्हणाले, लेझर नको, आमच्याकडं थंड करून डाग घालवायचं नवीन मशीन आहे. सहा सिटिंगचे 27,000. मशीनचं नाव विचारलं तर “इम्पोर्टेड आहे” एवढंच. करू का?

कृष्णाकाठ: ताई, एवढे पैसे कशाला? रुमालात बर्फ घेऊन रोज चोळा. फुकटात काम.

मिरजकर_७: कृष्णाकाठ दादा, हे नका सांगू कुणाला. माझ्या बहिणीनं बर्फ धरून ठेवला होता. कातडी भाजल्यासारखी झाली आणि तिथंच नवा काळा डाग पडला. आपल्या सावळ्या कातडीला काहीही लागलं की आधी काळं पडायचीच सवय.

त्वचा_ओपीडी: मी त्वचारोग विभागात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थंडाव्याची कल्पना खोटी नाही. रंग तयार करणाऱ्या पेशी शेजारच्या पेशींपेक्षा थंडीला नाजूक. परदेशात जनावरांना गार शिक्का मारतात, त्या जागी केस पांढरे उगवतात, ते यामुळंच. दवाखान्यात मस, चामखीळ गोठवून काढायला जो द्रवरूप नायट्रोजन वापरतात तो उणे 196 अंशांचा. त्यानं डाग जातो, पण कधी कधी कायमचा पांढरा चट्टा राहतो. नव्या मशीनमध्ये तापमान मोजूनमापून धरतात, म्हणजे रंगपेशी मरू नयेत, फक्त रंग पुढं पाठवायचं काम मंदावावं. अमेरिकेतलं ‘ग्लेशियल आरएक्स’ या प्रकारातलं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या ज्या डॉक्टरांनी थंडीनं चरबी कमी करायचं तंत्र काढलं, त्यांच्याच संशोधनातून ते आलं. तिथल्या एफडीएची (औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याची) परवानगी त्वचेवरच्या साध्या, कर्करोग नसलेल्या गाठी-डागांसाठी आहे; तिच्यात वांगाचं नाव नाही.

आणि तुमचा प्रश्न वांगाचा आहे. उन्हाचे सुटे तपकिरी ठिपके वेगळे, वांग वेगळा. वांगामागं हार्मोन आणि ऊन दोन्ही असतात. आज फिका केला तरी उद्या बागेत गेलात की परत येणार. तेव्हा 27,000 आधी मशीनवर घालू नका.

बेदाणा_शेड: मग करू काय? उन्हात न जाऊन कसं चालेल ओ, बाग कोण बघणार?

त्वचा_ओपीडी: जा की, पण तोंडाला स्कार्फ, वर रुंद काठाची टोपी, आणि रंगीत (टिंटेड) सनस्क्रीन. रंगीतच, कारण वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंही गडद होतो. त्यातलं आयर्न ऑक्साइड तो उजेड अडवतं. घाम आला की परत लावायचं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. आता मेडिकलमधून आणलेलं कुठलं गोरेपणाचं क्रीम लावताय का?

बेदाणा_शेड: हो... दोन वर्षं झाली. जावेनं दिलेलं.

त्वचा_ओपीडी: ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडं जा. त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता दांडगी. 2018 पासून अशी बरीच क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी मिळतातच. त्यानं कातडी पातळ होते आणि लाल शिरा दिसायला लागतात. त्यावर थंड मशीन काय नि लेझर काय, दोन्ही अंगाशी येणार. पण अशी एकदम बंदही करू नका, तोंड लाल होऊन जळजळतं.

मिरजकर_७: मिरजेत दवाखाने पुष्कळ आहेत. पाटीवर ‘एमडी, त्वचारोग’ किंवा ‘डीडीव्हीएल’ (त्वचारोगाचा डिप्लोमा) बघून जा, नुसतं ‘स्किन क्लिनिक’ बघून नको.

कृष्णाकाठ: बर्फाचं मागं घेतो. मला एक सांगा, माझ्या हातावर उन्हाचे ठिपके आहेत, वांग नाही. मला ते मशीन चालेल का?

त्वचा_ओपीडी: आधी ते ठिपकेच आहेत का हे कुणीतरी भिंगातून बघू दे. गार पाण्यानं अंगावर गांधी उठतात का?

कृष्णाकाठ: उठतात की, थंडीत नदीवर गेलो की.

त्वचा_ओपीडी: मग विषय संपला. थंडीनंच गांधी उठत असतील तर थंडीचं मशीन तुमच्यासाठी नाही.

बेदाणा_शेड: ट्यूब पिशवीत टाकली. शनिवारी मिरजेला जाते. ‘इम्पोर्टेड’वाल्यांचे तीन फोन येऊन गेलेत, आता 22,000 म्हणतायत.